वर्ग शांत होता, म्हणून पाठ चांगला झाला असे म्हणता येईल का?

कोरीपाटी

नमस्कार. मी बौद्धिक अक्षमता या विषयातील विशेष बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात शिकत असून सध्या आमच्या जिल्ह्यातील एका विशेष शाळेत सराव पाठ घेत आहे. शाळेचे नाव लिहीत नाही, आणि ज्या मुलाविषयी विचारायचे आहे त्याला येथे ‘क’ म्हणते.

माझ्याकडे प्राथमिक गटातील आठ ते तेरा वयाची नऊ मुले आहेत. दोघांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्यांतील एक चाकाच्या खुर्चीत बसतो. एका मुलीला डाउन सिंड्रोम आहे, एकाला फिट येतात. क अकरा वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमतेबरोबर त्याला स्वमग्नताही (ऑटिझम) आहे. ‘आई’, ‘पाणी’ आणि ‘गाडी’ एवढेच शब्द तो स्पष्ट बोलतो.

गेल्या मंगळवारी माझा निरीक्षणाचा पाठ होता. घटक होता ‘नाण्यांची ओळख: एक, दोन आणि पाच रुपये’. दोन रात्री जागून मी थर्माकोलचे छोटे किराणा दुकान तयार केले होते आणि त्यात साबण, काडेपेटी, पेन, बिस्किटाचा पुडा असे खरे सामान मांडले होते. प्रत्येक मुलाने दुकानाशी यावे, ताटातील योग्य नाणे उचलावे आणि वस्तू विकत घ्यावी, अशी पाठाची रचना होती. चौथी मुलगी दुकानाशी उभी असताना खिडकीजवळ बसलेला क उठला, त्याने ताट उलथवले आणि स्वतःच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मदतनीस ताई लगेच पुढे झाल्या, त्याला धरून व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि हातात बिस्किट देऊन पाठ संपेपर्यंत त्यांनी त्याला तेथेच बसवून ठेवले. त्यानंतरची वीस मिनिटे वर्गात इतकी शांतता होती की माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. निरीक्षकांनी वहीत ‘वर्गनियंत्रण उत्तम, साहित्य आकर्षक’ असा शेरा दिला आणि आजवरच्या माझ्या पाठांतील सर्वाधिक गुणही याच पाठाला मिळाले.

दुपारी मी कपाटाखाली गेलेली नाणी काढत होते. क माझ्या शेजारी येऊन बसला, त्या ढिगातून त्याने पाच रुपयांची सगळी पिवळसर नाणी एकेक करून वेचली आणि खिडकीच्या कट्ट्यावर सरळ रांगेत लावली. त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्या मुलाला बाहेर काढल्यामुळे माझा पाठ ‘उत्तम’ ठरला, त्याला त्या पाठातले काहीतरी आधीच येत होते, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

चिंतन नोंदवहीत या पाठाविषयी मी तीन पाने लिहिली आणि फाडून टाकली. त्याला बाहेर नेणे चूक होते का? चूक असेल, तर मी त्या क्षणी नेमके काय करायला हवे होते? पुढचा निरीक्षणाचा पाठ बारा दिवसांनी आहे. वर्गव्यवस्थापनाची व्याख्या आणि तत्त्वे मला पाठ आहेत. पण ताट उलटले त्या क्षणी त्यांतले एकही मला आठवले नाही. अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट लिहावे, राग येणार नाही.

खडूची धूळ

कोरीपाटी, तुम्ही विचारले आहे की त्या क्षणी काय करायला हवे होते. माझ्या मते त्या क्षणी तुमच्या हातात फारसे काही उरलेले नव्हते, कारण ताट उलटण्याची तयारी तुमच्या पाठ टाचणातच झालेली होती. हे टोचणारे वाटेल. तेवीस वर्षे विशेष शाळेत शिकवताना मी स्वतः असे पाठ किती घेतले असतील, याची मोजदाद नाही.

साधा हिशेब करून पाहा. नऊ मुले आणि तीस मिनिटांचा पाठ. प्रत्येक मूल एकेकटे दुकानाशी येणार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटे आली. उरलेली सत्तावीस मिनिटे त्या मुलाने काय करावे, हे तुमच्या टाचणात कोठे लिहिले होते? ‘इतर मुले निरीक्षण करतील’ असे आपण सगळेच लिहितो. पण ज्या मुलाला आपली पाळी केव्हा येणार हे कळत नाही, ती येणारच आहे हेही सांगता येत नाही, त्याच्यासाठी निरीक्षण म्हणजे नुसते बसून राहणे. तुमचे दुकान चमकदार होते, त्यातले सामान खरे होते आणि ताट त्याच्या हाताच्या टप्प्यात होते. मी त्याच्या जागी असतो तर मीही उठलो असतो.

आता बिस्किटाविषयी. ताट उलटल्यावर त्याला तीन गोष्टी एकदम मिळाल्या: वाट पाहण्यातून सुटका, मदतनीस ताईंचे संपूर्ण लक्ष आणि खाऊ. यांपैकी त्याला कोणती हवी होती, हे मी येथे बसून सांगू शकत नाही आणि तुम्हीही एका घटनेवरून ठरवू नये. समस्यात्मक वर्तनाचे रूप आणि त्याचे प्रयोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच चावा एका मुलाच्या बाबतीत ‘हे काम नको’ असे सांगतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘माझ्याकडे पाहा’ असे. म्हणून पहिले पाच-सहा दिवस काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. एका कागदावर तीन रकाने करा: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाले. ‘हट्ट केला’, ‘चिडला’ असे शब्द त्यात येऊ देऊ नका. वेळ, जागा, शेजारी कोण होते आणि हातात काय होते, एवढेच लिहा. चावा रोखण्यासाठी हात मध्ये घालावा लागला तर अवश्य घाला, तेवढी सूट नोंदीला आहे.

सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी तयार केलेली ‘बेसिक-एमआर’ ही वर्तन मूल्यमापन श्रेणी तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असेल. तिच्या ‘ब’ भागात समस्यात्मक वर्तनाची ७५ विधाने दहा क्षेत्रांत विभागली आहेत आणि प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन असे गुण द्यायचे असतात. ती भरताना तुमच्या लक्षात येईल की वस्तू फेकणे आणि स्वतःला चावणे ही दोन वेगळ्या क्षेत्रांत येतात. तुम्ही दोन्ही एकाच वाक्यात लिहिली आहेत. नोंदीत ती वेगळी ठेवा, कारण दोहोंचे प्रयोजन वेगळे निघण्याची शक्यता आहे.

दरम्यान वर्गाची मांडणी बदलण्याचा विचार सुरू करा. मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना विद्यापीठात स्वमग्न मुलांसाठी ‘टीच’ नावाचा कार्यक्रम उभा केला. त्यातली एक साधी कल्पना आपल्याकडच्या शाळेत शून्य खर्चात करता येते. मुलाच्या डाव्या हाताला कामाच्या दोन किंवा तीन टोपल्या ठेवायच्या, उजव्या हाताला ‘झाले’ असे चित्र लावलेली रिकामी टोपली ठेवायची. काय करायचे, किती करायचे, संपले हे कसे कळणार आणि संपल्यावर काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्याला एकही शब्द न बोलता समोर दिसली पाहिजेत. घरातल्या मेणबत्त्या, कपड्यांचे चिमटे, बाटल्यांची झाकणे, काहीही चालते. असे दुसरे टेबल असते तर सत्तावीस मिनिटांपैकी निदान पंधरा मिनिटे भरली असती.

एक किरकोळ, पण महत्त्वाची गोष्ट. त्याने पिवळसर नाणी वेचली म्हणजे त्याला पाच रुपये समजतात, असा अर्थ लगेच काढू नका. ते रंगावरून केलेले वर्गीकरण असू शकते. पण त्याने ते कोणाच्याही बक्षिसाशिवाय, स्वतःहून, तुमच्या शेजारी बसून केले, हे नोंदवहीत नक्की लिहा. ती पाने फाडायला नको होती.

एका मुलाची आई

मी शिक्षिका नाही. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि तो बोलत नाही. वरचे दोन्ही मजकूर वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटली.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याने अचानक स्वतःचा हात चावायला सुरुवात केली. शाळेत तीन आठवडे त्याच्या वहीत ‘हट्टीपणा वाढला आहे’ असा शेरा येत राहिला, आम्हीही घरी त्याला रागावलो, आणि अखेर एके दिवशी घास चावताना तो ओरडला तेव्हा लक्षात आले की त्याची मागची दाढ किडून आत पू झाला होता. दात काढल्यानंतर दोन दिवसांत चावणे थांबले. त्या तीन आठवड्यांचा विचार आजही मला करवत नाही.

तेव्हा वर्तनाचे प्रयोजन शोधण्यापूर्वी, किंवा त्याबरोबरच, त्याच्या घरी विचारा. दात, कान, बद्धकोष्ठता, झोप यांपैकी काही बदलले आहे का? फिटचे किंवा दुसरे काही औषध चालू आहे का, आणि ते नुकतेच बदलले आहे का? काही औषधांनी चिडचिड वाढू शकते; ते पाहण्याचे काम डॉक्टरांचे असले तरी डॉक्टरांना सांगणारे कोणीतरी असावे लागते. शाळेची संपर्क वही आमच्यासाठी फार मोलाची असते, पण तिच्यात बहुतेक वेळा ‘उद्या गणवेश’ आणि ‘वर्गणी आणावी’ एवढेच लिहिलेले येते.

आणखी एक. तो वीस मिनिटे व्हरांड्यात बसला होता, हे त्याच्या आईला कोणी सांगितले का? सांगा. मला तसे सांगितले असते तर वाईट वाटले असते. पण सांगितले नसते आणि नंतर कळले असते, तर त्याहून वाईट वाटले असते.

कृष्णाकाठ

मी एका अनुदानित विशेष शाळेत मुख्याध्यापक आहे. ‘खडूची धूळ’ यांचे म्हणणे तत्त्वतः योग्य आहे, पण दोन ठिकाणी मला वेगळे मत मांडायचे आहे.

पहिले असे की मुलाला बाहेर नेणे ही सर्वस्वी चूक होती, असा सूर येथे लागू नये. ताट उलटल्यावर जमिनीवर नाणी पसरली होती, वर्गात एक मूल चाकाच्या खुर्चीत होते, एकाला फिट येतात, आणि क स्वतःच्या मनगटाला चावत होता. अशा वेळी कोणत्याही नवशिक्या शिक्षिकेने किंवा मदतनीसाने सर्वांत आधी इजा थांबवली पाहिजे. दुर्लक्ष करून वर्तन कमी करण्याचे तंत्र पुस्तकात वाचलेले असते आणि विद्यार्थी ते सरसकट वापरू लागतात. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘लक्षच देऊ नका’ हा सल्ला धोकादायक आहे, शिवाय दुर्लक्षाच्या सुरुवातीला वर्तन काही काळ वाढू शकते, हे तर सर्वांना ठाऊक आहे. माझा आक्षेप बाहेर नेण्याला नाही, परत न आणण्याला आहे. दोन-तीन मिनिटांनी, तो शांत झाल्यावर, त्याला परत आणून एकच नाणे ताटात ठेवायला लावले असते आणि मग बिस्किट दिले असते, तर त्याच बिस्किटाचा अर्थ पूर्ण बदलला असता. आपल्याकडे प्रत्येक घरात ‘आधी पोळी संपव, मग श्रीखंड’ असे सांगणारी आजी असते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व याहून फार वेगळे नाही.

दुसरे म्हणजे मदतनीस ताई. चर्चेत त्या हळूहळू आरोपीच्या पिंजऱ्यात चालल्या आहेत. बहुतेक शाळांत अशी परिस्थिती असते की शिक्षक बदलतात, सराव पाठाचे विद्यार्थी तर दर काही आठवड्यांनी येतात आणि जातात, आणि मुलाला शौचालयात नेणारी, भरवणारी, त्याच्या रडण्यातला फरक ओळखणारी ताई मात्र वर्षानुवर्षे तीच असते. त्यांनी बिस्किट का दिले, हे तुम्ही त्यांना विचारले आहे का? त्यांच्या उत्तरात अर्धी नोंद सापडेल. आणि दुसरे टेबल मांडायचे म्हटले, तर त्या टेबलाशी बसणार कोण? त्याच. तेव्हा त्यांना बाजूला ठेवून केलेली कोणतीही योजना चौथ्या दिवशी मोडते.

एक बाब मात्र वादापलीकडची आहे आणि ती नवीन शिक्षकांनी मनाशी पक्की बांधावी. मुलाला मारणे, बांधून ठेवणे, कोंडणे किंवा इतरांसमोर त्याची टिंगल करणे याला ‘वर्गनियंत्रण’ म्हणत नाहीत. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. ‘आमच्या मुलांना दुसरी भाषा कळत नाही’ असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्या मुलांना ती भाषा फार चांगली कळते आणि ती तेच इतरांशी बोलू लागतात.

उंबरठा

मीही दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. निरीक्षण तक्त्यात ‘वर्गनियंत्रण’ असा एकच रकाना असतो आणि वर्ग शांत नसेल तर गुण कापले जातात, ही वस्तुस्थिती आहे. त्यामुळे आमच्यातील पुष्कळ जणी निरीक्षणाच्या दिवशी ‘अवघड’ मूल दुसऱ्या वर्गात पाठवतात. मीही एकदा तसे केले आहे. हा प्रश्न वाचेपर्यंत त्यात काही वावगे आहे असे मला वाटले नव्हते.

खडूची धूळ

कृष्णाकाठ सर, मदतनीस ताईंविषयीचे तुमचे म्हणणे मान्य आहे. माझ्या उत्तरात त्यांना विचारण्याचा उल्लेखही नव्हता, ती माझी चूक. परत आणण्याविषयीही सहमत आहे.

बाहेर नेण्याविषयी मात्र थोडे अधिक लिहितो. ज्या मुलाचे प्रयोजन सुटका हेच आहे, त्याला तोल गेल्यानंतर बाहेर नेणे म्हणजे त्याला हवे ते देणे. आणि कधी दिले, कधी नाही असे झाले, तर ते वर्तन अधिकच चिवट होते. म्हणून तोल जाण्यापूर्वी बाहेर जाण्याचा सन्मान्य मार्ग त्याला शिकवला पाहिजे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच कल्पना आहे. काम अवघड वाटल्यामुळे बिथरणाऱ्या मुलांना त्यांनी ‘मला समजले नाही’ असे म्हणायला शिकवले आणि लक्ष हवे असणाऱ्यांना ‘मी बरोबर करतो आहे का?’ असे विचारायला शिकवले. ज्या मुलाला त्याच्या प्रयोजनाशी जुळणारे वाक्य मिळाले, त्याचे समस्यात्मक वर्तन कमी झाले. न जुळणारे वाक्य शिकवून तसा फरक पडला नाही. क ला वाक्य बोलता येत नाही, पण कार्ड देता येईल. तुमच्या नोंदीतून सुटका हे प्रयोजन पुढे आले, तर ‘सुट्टी’चे एक कार्ड तयार करा, चित्र त्याला समजेल असे, म्हणजे वर्गातल्याच चटईचा फोटो असला तर उत्तम. त्याने कार्ड हातात दिले की लगेच, वाद न घालता, दोन मिनिटे चटईवर. चटई वर्गातच हवी, व्हरांड्यात नको.

कोरीपाटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बारा दिवस उत्तर दिले नाही, कारण काही सांगण्यासारखे जमा व्हावे असे वाटत होते.

सहा दिवसांत चौदा घटना नोंदल्या. त्यांपैकी नऊ घटना तो काहीही काम नसताना बसलेला असतानाच्या आहेत: परिपाठानंतर हजेरी होईपर्यंत, इतर मुलांचे हात धुऊन होईपर्यंत, आणि दुसऱ्याची पाळी चालू असताना. तीन घटना खिचडी येण्यापूर्वीच्या दहा मिनिटांतील आहेत, जेव्हा शेजारच्या खोलीत ताटांचा आवाज सुरू होतो. उरलेल्या दोन घटनांचे कारण मला सापडले नाही. दोन्ही सोमवारी सकाळच्या आहेत. मी संपर्क वहीत विचारले तेव्हा त्याच्या आईने लिहिले की रविवारी ते आजोळी गेले होते आणि परत यायला रात्र झाली. त्याचे दात मागच्याच महिन्यात तपासले आहेत, औषध बदललेले नाही. झोपेविषयी काही ठरवावे, इतकी नोंद अजून माझ्याकडे नाही. व्हरांड्याविषयी मी त्यांना फोनवर सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘मागच्या वर्षीपण बसायचा तो तिथे.’

मदतनीस ताईंना बिस्किटाचे विचारले. त्या म्हणाल्या, ‘तोंडात बिस्किट असलं की हात तोंडात जात नाही, मॅडम.’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्याने मनगटाची कातडी फाडून घेतली होती आणि तेव्हापासून त्या खिशात बिस्किट ठेवतात. वस्तू फेकणे आणि चावणे यांची नोंद वेगळी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, ती त्यांना आधीच माहीत होती: तो आधी फेकतो आणि कोणी त्याच्याकडे ओरडत धावत गेले तरच चावतो. हळू चालत गेले तर बहुतेक वेळा चावत नाही.

कालच्या पाठात दोन टेबले मांडली. एका टेबलाशी मी तीन मुलांना एकत्र घेऊन नाणी आणि वस्तू यांच्या जोड्या लावून घेतल्या, दुसऱ्या टेबलाशी मदतनीस ताई टोपल्यांचे काम पाहत होत्या, आणि दर आठ मिनिटांनी गट बदलत होते. ‘सुट्टी’चे कार्ड त्याच्या टेबलाला वेल्क्रोने लावले होते. हात हातात धरून कार्ड द्यायला आम्ही ते तीन दिवस आधी शिकवले होते आणि पहिल्याच पूर्ण दिवशी त्याने ते बावीस वेळा दिले. ताई हसून म्हणाल्या, ‘ह्याला तर नोकरी लागली सुट्टीची.’ दुसऱ्या दिवशी सतरा वेळा. कालच्या पाठात, तीस मिनिटांत, चार वेळा. आणि चारही वेळा तो चटईवरून परत आला, तिसऱ्या वेळी तर आम्ही न बोलावता. एकदा त्याने टोपली ढकलली. चावला नाही.

निरीक्षकांचा शेरा: ‘वर्गात गोंगाट, विद्यार्थी विखुरलेले, अध्यापनात एकसूत्रता नाही.’ मागच्या पाठापेक्षा सहा गुण कमी मिळाले. मी नोंदींचे कागद त्यांना दाखवले. त्यांनी ते वाचले, ‘चांगले आहे’ म्हणाल्या, गुण मात्र तेच राहिले.

आता दोन प्रश्न. बावीस वेळा सुट्टी मागणारा मुलगा काम टाळायला तर शिकला नाही ना? आणि माझे सराव पाठ येत्या आठवड्यात संपत आहेत. त्यानंतर त्या कार्डाचे काय होईल?

खडूची धूळ

बावीस ही चांगली खूण आहे. मागितले की मिळते, हे तो तपासून पाहत होता. इतक्या वर्षांत आपले म्हणणे पहिल्या फटक्यात समोरच्याला कळते, असा अनुभव त्याला किती वेळा आला असेल? तपासून झाले की संख्या उतरते आणि तुमच्याकडे ती उतरू लागलीच आहे.

आणखी आठवडाभर प्रत्येक कार्ड मान्य करा. नंतर कार्ड हातात घेऊन ‘आधी एक नाणे, मग सुट्टी’ असे दाखवा, काही दिवसांनी दोन नाणी, मग तीन. उडी मारू नका. एखाद्या दिवशी त्याला जमले नाही, तर एक पायरी मागे या. शिक्षा म्हणून कार्ड काढून घेऊ नका आणि ‘आज पुरे’ म्हणून लपवूही नका. तसे एकदा जरी झाले, तरी तो पुन्हा ताटाकडे वळेल, कारण ते कोणी लपवू शकत नाही.

खिचडीपूर्वीच्या दहा मिनिटांसाठी कार्डाचा उपयोग नाही, कारण तेथे त्याला सुटका नको आहे, जेवण हवे आहे आणि ते केव्हा येणार हे कळत नाही. त्याला काम द्या. ताटे मोजून लावणे हेच त्या वेळचे काम असू द्या. नऊ मुले, नऊ ताटे, यात तुमचे गणितही येते. आणि वाट पाहणे हेसुद्धा शिकवावे लागते. वाळूचे घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर दाखवून दहा सेकंदांपासून सुरुवात करा.

शेऱ्याविषयी काय लिहू? टाचणाबरोबर पुढच्या वेळी एक कागद जोडा: प्रत्येक मूल प्रत्यक्ष काम करीत होते, अशी किती मिनिटे झाली. मागच्या पाठात तीन, या पाठात कदाचित वीस. निरीक्षक बदलतील असे सांगत नाही, पण त्या आकड्याकडे पाहून गोंगाट लिहिणे थोडे कठीण जाईल.

एका मुलाची आई

त्या कार्डाची एक प्रत घरी पाठवाल का? शाळेत कार्ड दिले की थांबतात आणि घरी कोणाला त्याचा अर्थच कळत नाही, असे झाले तर मूल गोंधळते. आमच्याकडे ‘पाणी’च्या चित्राचे तेच झाले होते, सहा महिने ते फक्त शाळेतले पाणी होते.

कृष्णाकाठ

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण तो माझ्यासारख्या मुख्याध्यापकांचा प्रश्न आहे. दरवर्षी सराव पाठाचे विद्यार्थी येतात, मन लावून काहीतरी सुरू करतात आणि जाताना एक सुंदर फाइल देऊन जातात. ती कपाटात राहते. जूनमध्ये ती आम्हाला सापडते तेव्हा त्या फाइलमधील मूल दुसऱ्या गटात गेलेले असते.

फाइल महाविद्यालयासाठी करा. वर्गासाठी एकच पान लिहा, मोठ्या अक्षरांत आणि ‘प्रबलन’, ‘प्रयोजन’ हे शब्द न वापरता. शक्य असेल तर मदतनीस ताईंनाच तोंडी सांगायला लावा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या: कार्ड दिले की चटई, दोन मिनिटे, परत; फेकले तर ओरडायचे नाही, धावायचे नाही, चालत जायचे; खिचडीआधी ताटे त्याने लावायची; बिस्किट खिशात राहू दे, पण कार्ड दिल्यावर किंवा नाणे ठेवल्यावर द्यायचे. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे दार उघडले की दिसेल. शेवटच्या दोन दिवसांत टेबलाशी तुम्ही बसू नका, ताईंना आणि वर्गशिक्षिकेला बसू द्या आणि तुम्ही मागे उभ्या राहून नोंद घ्या. त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमाच्या, म्हणजे त्याच्यासाठी स्वतंत्र आखलेल्या शिकवण्याच्या योजनेच्या, पुढच्या आढाव्यात हे कार्ड लिहून घ्यावे, अशी विनंती मुख्याध्यापकांना लेखी करा. तोंडी विनंत्या आम्ही विसरतो.

कार्डाच्या चार-पाच प्रती आत्ताच लॅमिनेट करून ठेवा. एक घरी, एक टेबलाला, एक ताईंच्या खिशात. बाकीच्या हरवण्यासाठी.